सही करण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इतकी वर्षं मुंबईत कॅन्सरच्या दवाखान्यात आहेस, पंधरा मिनिटं आरोग्यावर बोल." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, "म्हणूनच बोल, आम्हाला समजेल असं बोलशील."

तेव्हा आधीच सांगते, मी कुणाला तपासत नाही आणि औषधही देत नाही. मी क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. एखादा नवा उपचार जुन्यापेक्षा खरंच चांगला आहे का, याची पारख रुग्णांच्या संमतीनं केली जाते, तिला ट्रायल म्हणतात. त्या रुग्णांच्या तारखा, कागद, रक्ताच्या नळ्या आणि त्यांचे रात्रीचे फोन सांभाळणं हे माझं काम. गणिताच्या सरांनी वही नीट ठेवायला शिकवलं, त्यावर माझं पोट चाललं आहे. सर समोर बसलेत म्हणून हे मुद्दाम सांगते.

आज मी स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे. पुरुष मंडळींनी एवढ्यात चहाला उठू नये. आपल्याकडे गाडी कोण काढतं, पैसे कोण भरतं आणि सही कोण करतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्यांदा माझ्या वहिनीची गोष्ट सांगते. दादाची परवानगी घेतली आहे.

२०१६ साली वहिनी शेहेचाळीस वर्षांची होती. डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून उसाची तोड संपेपर्यंत ती कुणाला बोललीच नाही. मग जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एका दिवसात गाठ काढून दिली, चार टाके घातले आणि "साधी गाठ होती" म्हणून घरी पाठवलं. मला हे कळलं सहा महिन्यांनी, काखेत दुसरी गाठ आल्यावर. मी फोनवर पहिलं विचारलं, "काढलेली गाठ तपासायला पाठवली होती का? रिपोर्ट कुठं आहे?" दादा म्हणाला, "गाठ काढली की. आता तिचा कसला रिपोर्ट?"

कुर्डुवाडीहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दोघं मुंबईला आले. काखेतल्या गाठीची सुईनं तपासणी झाली. कॅन्सर निघाला, आणि हर-टू नावाचं प्रथिन वाढलेल्या प्रकारचा निघाला. त्याच प्रकारासाठी त्या वेळी एक ट्रायल चालू होती. गाठ जागेवर असताना आधी औषध द्यायचं, ती किती विरघळते ते मोजायचं आणि मग ऑपरेशन करायचं, अशी ती योजना होती. वहिनीचं वय बसत होतं, प्रकार बसत होता, हृदयाची तपासणी चांगली होती. पण अटींच्या यादीत एक ओळ होती, मूळ गाठ आधी काढलेली नसावी.

कितीतरी बायकांच्या नावापुढं मी 'अपात्र' लिहिलं आहे. त्या दिवशी त्या रकान्यात माझ्या वहिनीचं नाव गेलं.

तिला नेहमीचे उपचार मिळाले. केमो, ऑपरेशन, शेक, आणि हर-टूसाठीचं ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी वर्षभर. दादानं त्यासाठी काय काय गहाण टाकलं ते त्याचं त्याला माहीत. वहिनीला साडेचार वर्षं मिळाली. मुलीचं लग्न तिनं पाहिलं.

ट्रायलमध्ये गेली असती तर वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर ट्रायल असते. पण ते दार उघडं आहे का, हे विचारायची वेळ येण्याआधीच ते बंद झालं होतं. म्हणून आज मला मुख्य म्हणजे एकच सांगायचं आहे. ट्रायलची चौकशी पहिल्या उपचाराच्या आधी करायची असते. सगळं करून थकल्यावर, "आता काही नवीन आहे का?" असं विचारत लोक आमच्याकडे येतात. त्या टप्प्यावरच्याही ट्रायल असतात. पण बऱ्याच ट्रायल अशा असतात, की एक गाठ कापली किंवा केमोची एक बाटली चढली की त्यांचं दार लागतं.

आता मंडपातल्या बऱ्याच जणांच्या मनात जो शब्द आला असेल तो मीच बोलते, प्रयोग. "आमच्यावर प्रयोग करत्यात का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो, आणि तो मला कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. आपण धरणग्रस्तांची मुलं आहोत. १९८० साली उजनी पूर्ण झालं तेव्हा आपण शाळेत जात होतो, पुनर्वसनाच्या गावठाणात, पत्र्याच्या खोलीत. माझ्या आजोबांनी कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते कुणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पलीकडच्या काठाला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं आपलं घर कुठं होतं ते बोटानं दाखवतात. दिलं आपण आणि पिकलं दुसऱ्यांचं, हे ज्यांनी पाहिलंय, ते सही करताना बिचकणारच. बिचकावंच. पण बिचकून पळून जायचं की बिचकून वाचायचं, एवढंच ठरवायचं असतं.

आपल्या भागाला ट्रायल काही नवीन नाही. आपण दहावीला बसलो त्याच १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांमध्ये कुणाला कोणता कॅन्सर झाला, याची गावोगाव जाऊन नोंद होऊ लागली. पुढं बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. परंड्याकडच्या नातेवाइकांना विचारून बघा, एखाद्या मावशीला तपासणीची ती गाडी आठवत असेल. एका गटातल्या बायकांना ही तपासणी मिळाली नाही, यावर पुढं टीकाही झाली. अशा टीकेचा उपयोग होतो. २०१३ मध्ये ट्रायलचे नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये नवे, सविस्तर नियम आले.

स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण सांगते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर एक ट्रायल झाली. त्यातलं औषध होतं लिडोकेन, दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते. गाठ काढण्याआधी सात-दहा मिनिटं ते गाठीभोवती टोचायचं, बस. कापाकापीत गाठीच्या पेशी सुटून पसरू नयेत, हा त्यामागचा विचार. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका टोचलेल्या गटात शंभरात ९० होत्या, न टोचलेल्या गटात ८६. चार म्हणजे किती, असं वाटेल. शंभर घरांतल्या चार घरांत आई आहे, असं म्हणून बघा. आणि खर्च अगदी किरकोळ. एवढ्या स्वस्त औषधाची पारख करण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? ती त्या १,६०० बायकांमुळे झाली.

'काही फायदा नाही' हेही उत्तर उपयोगी असतं. कॅन्सर आधीच शरीरात पसरलेला असेल तर छातीतली मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का, याचा अभ्यास टाटामध्येच २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांवर झाला. वाढत नाही, असं उत्तर आलं. त्यामुळे पुढच्या कितीतरी बायकांचं मोठं ऑपरेशन टळलं.

आता आपल्या घरातल्या बाईसाठी योग्य ट्रायल शोधायची कशी? मी कामावर जशी शोधते तशीच सांगते.

सुरुवात फाईलपासून होते. गाठ लागली की ती आधी सुईनं तपासून घ्यायची, कापायची घाई करायची नाही. त्या तपासणीचा रिपोर्ट हवाच. त्यासोबत ईआर, पीआर आणि हर-टू या तीन गोष्टींचा रिपोर्ट हवा. स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नसतो. कुणाचा संप्रेरकांवर वाढणारा, कुणाचा हर-टूवाला, कुणाच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. औषधं वेगळी, ट्रायलही वेगळ्या. सोलापूरहून बंगळूरला जाणाऱ्या गाडीत बसून पुण्याला पोचता येत नाही, तसंच हे. आजार कोणत्या टप्प्यावर आहे, आधी कोणते उपचार झाले आणि कोणत्या तारखांना, साखर किंवा बीपी आहे का, हे सगळं एका पानावर लिहून काढा. आणि एक वस्तू लोक हमखास मागं सोडून येतात, ती म्हणजे ब्लॉक. तपासलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो लॅबकडून मागून घेता येतो. ट्रायलमध्ये बऱ्याचदा तो लागतोच.

फाईल तयार झाली की आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारायचं, "साहेब, हिच्यासाठी इथं किंवा दुसरीकडं एखादी ट्रायल चालू आहे का? उपचार सुरू करण्याआधी विचारतोय." यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर स्वतः फोन लावून देतात.

त्याशिवाय सरकारी नोंदवही आहे. तिचं नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, थोडक्यात सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ती २००७ मध्ये सुरू केली आणि २००९ पासून ट्रायल सुरू करण्याआधी तिथं नोंद करणं बंधनकारक झालं. ही नोंदवही मोबाईलवर कुणालाही फुकट बघता येते. मजकूर इंग्रजीत आहे, पण कॉलेजला जाणारी पोरं आता घरोघरी आहेत. आजाराचं नाव टाकून शोधायचं. प्रत्येक ट्रायलच्या पानावर चार गोष्टी बघायच्या. भरती चालू आहे का. आपल्याला जाता येईल अशा गावात केंद्र आहे का. कुणाला घेतात. आणि कुणाला घेत नाहीत. ही शेवटची यादी सगळ्यात नीट वाचा, वहिनीची ओळ तिथंच होती. पानावर केंद्राचे डॉक्टर आणि त्यांचा फोन नंबर असतो. 'भरती चालू' लिहिलेलं असलं तरी फोन करून खात्री करा, नोंद कधी कधी जुनी असते. आणि आपण पात्र आहोत की नाही हे आपण ठरवायचं नसतं, ते केंद्रातले डॉक्टर तपासून ठरवतात.

ट्रायलमध्ये घेतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून निघून या.

आता दुसरी गोष्ट. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण इथं बसली आहे. "सगळं सांग, फक्त नाव सांगू नको," म्हणाली. २०२१ मध्ये तिचा मला फोन आला. गाठ लागून आठ दिवस झाले होते आणि तिनं काहीही कापून घेतलं नव्हतं. वहिनीचं तिला ठाऊक होतं. आम्ही तिचे रिपोर्ट घेऊन शोधायला बसलो. तीन ट्रायल निघाल्या. पहिली वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरची होती. दुसरीचं केंद्र दिल्लीला होतं, आणि दर तीन आठवड्यांनी दिल्ली हे काही जमणारं नव्हतं. तिसरी जुळली, पुण्याला.

मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. तिथल्या ताईंनी मराठीतलं माहितीपत्रक पुढं ठेवलं, बरीच पानं होती. आपल्या भाओजींनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "आणा इकडं, मी करतो सही. जेवणाआधी उरकू." त्या ताई हसून म्हणाल्या, "काका, सही त्यांची लागते. आणि आज करायची गरज नाही. घरी न्या, वाचा, परत या." भाओजींनी पेन खिशात ठेवलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मुलानं ते सगळं मोठ्यानं वाचलं. तिनं वहीत सात प्रश्न लिहिले. ते मी तिच्या परवानगीनं सांगते, हवे तर मोबाईलमध्ये उतरवून घ्या.

ट्रायलमध्ये गेले नाही तर मला कोणता उपचार मिळेल? गेले तर त्यापेक्षा वेगळं काय होईल? किती वेळा यावं लागेल, आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देईल? कोणत्या तपासण्या आणि औषधं फुकट, कोणती आमच्या पैशानं? त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा? ट्रायलमुळे इजा झाली तर काय? मधेच सोडावीशी वाटली तर?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कायद्यातच आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत आणि नियमाप्रमाणे भरपाईही. ट्रायल कधीही सोडता येते, कारण द्यावं लागत नाही, आणि सोडली म्हणून नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. वाचता न येणाऱ्या बाईला तटस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवावं लागतं. माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचाही नंबर असतो. डॉक्टरांबद्दल तक्रार असेल तर तिथं फोन करायचा. आजोबांच्या अंगठ्याच्या वेळी यातलं एकही नव्हतं.

खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येक ट्रायलचं वेगळं असतं. कुठं सगळंच फुकट, कुठं फक्त नवं औषध. नेहमीच्या उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आठ दिवसांनी तिनं स्वतः सही केली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. तिथं डॉक्टरांचा वशिला चालत नाही. तिच्या वाट्याला नेहमीचा उपचार आला. बाहेर बाकड्यावर बसून ती रडली. म्हणाली, "एवढं करून माझ्या पदरात जुनंच पडलं होय गं?"

मी तिला जे सांगितलं तेच इथं सांगते. नेहमीचा उपचार म्हणजे टाकाऊ उपचार नव्हे. आज जो सगळ्यात चांगला म्हणून सिद्ध झालाय तोच दिला जातो. नवा त्याहून चांगला आहे का, वाईट आहे का, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. माहीत असतं तर चिठ्ठी टाकायची गरजच पडली नसती. शिवाय तिची प्रत्येक तारीख पाळली गेली, ताप आला की फोन उचलायला माणूस होतं. तिचं समाधान झालं का? त्या दिवशी नाही झालं. झालं असं मी खोटं सांगणार नाही.

त्या ट्रायलचा निकाल अजून यायचा आहे. तिचे उपचार संपले, आता रोजची गोळी आणि ठरलेल्या तपासण्या. काल रात्री मी विचारलं, "तुझ्याबद्दल बोलताना शेवटी काय सांगू?" ती म्हणाली, "सांग, धरणात आपली जमीन गेली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मला विचारलं, मी वाचलं आणि मी दिलं. एवढाच फरक, पण तो लई मोठा आहे."

आपल्या बॅचकडे एकच मागणं आहे. स्नेहमेळाव्याच्या खर्चातून थोडे पैसे उरणार आहेत, असं खजिनदार म्हणाले. त्यातून काठावरच्या गावांतल्या एखाद्या बाईला पहिल्या तपासणीसाठी बार्शीला, सोलापूरला किंवा पुण्याला नेण्याचा गाडीखर्च आपण करू. सोबत आपल्यातलं एक माणूस जाईल, फाईल नीट लावून देईल आणि तिच्या वतीनं तो एक प्रश्न विचारेल. इंग्रजी पान वाचून घ्यायचं असेल तर मला फोटो पाठवा. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

मराठीच्या बाईंनी वेळ संपल्याची खूण केली आहे. शाळेतही त्यांच्या खुणेनंतर मी बोलत राहायचे आणि मार खायचे. म्हणून इथंच थांबते.